सात रिकाम्या गाठी

"गाठ सोड," सर म्हणाले.

माझा पदर त्यांनी पट्टीच्या टोकावर उचलून धरला होता. बोट लावलं नाही. मेलेला उंदीर काठीवर उचलतात, तसा. अकरावीच्या पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर चालू होता. डहाणूची शाळा. वर्गात आम्ही तेहेतीस जण, आणि सगळ्यांची डोकी पेपरातून वर आलेली. माझ्या पदराच्या काठाला सात गाठी होत्या. लहान लहान, ओळीनं मारलेल्या.

"काय लपवलंयस त्यात?"

"काही नाही, सर."

"मग सोड. बाकावर उभी राहा आणि सगळ्यांसमोर सोड."

मी बाकावर चढले. अकरावीच्या मुलींना पातळ नेसायची सक्ती होती. वसतिगृहातून मिळालेली दोनच पातळं माझ्याकडे, त्यातलं हे बरं. घामानं गाठी आवळल्या होत्या. पहिली सुटली. रिकामी. दुसरी सुटली. तीही रिकामी. चौथी काही केल्या सुटेना, म्हणून दात लावले. मागून कुणीतरी शेळीसारखा आवाज काढला आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही.

सातवी गाठ सुटली. तीही रिकामी. मला वाटलं, संपलं. आता खाली बसायला सांगतील.

"रिकामी गाठ कोण मारतं? चिठ्ठी गिळली हिनं," सर म्हणाले. "तोंड उघड."

मी तोंड उघडलं. बाकावर उभी राहून, सतरा वर्षांची मी, बैलाचे दात बघतात तसं तोंड उघडून उभी राहिले. त्यांनी वाकून आत बघितलं. मग माझा पेपर उचलला आणि एका गणितावर त्यांचा डोळा थांबला.

"उत्तर लिहिलंय. रीत कुठंय?"

"मनात केली, सर."

"मनात!" त्यांनी पेपर वर्गाला दाखवला. "ऐका. गवत कापणाऱ्यांच्या मनात आता दहाचे घातांक यायला लागले."

वर्ग पुन्हा हसला. माझ्या शेजारी बसणारी वाडीवाल्यांची मुलगी होती. तिच्या बापाच्या चिकूच्या वाड्या समुद्रापर्यंत गेलेल्या. मी एकेक गाठ मारताना तिनं शेजारी बसून बघितलं होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती पेन्सिलीचं टोक बघत बसली.

मी उधव्याकडच्या एका पाड्यावरची. वारली. शाळेत हे मला कधी सांगावं लागलं नाही, ते माझ्याआधीच पोहोचलेलं असायचं. बाप मी चौथीत असतानाच गेला. घरात आय आणि मी. तलासरीला सातवीपर्यंत शिकले, मग डहाणूला वसतिगृहात राहून हायस्कूल. आमच्या पाड्यावरची अकरावीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. मुलगी म्हणून पहिली नाही, माणूस म्हणूनच पहिली.

पूर्वपरीक्षा म्हणजे काय, तेही सांगते. तेव्हा एसएससी अकरावीलाच असायची; त्या परीक्षेत जे पास, त्यांचेच एसएससीचे फॉर्म शाळा पुढे पाठवायची. फॉर्म गेला तर परीक्षा, परीक्षा झाली तर शिक्षिकेचं ट्रेनिंग, मग नोकरी. फॉर्म राहिला तर गवत. मधलं काही नव्हतं. आयनं मला शाळेत घातलं ते ह्या एका फॉर्मसाठी. तिला फॉर्म हा शब्द नीट म्हणता यायचा नाही. ती 'फारम' म्हणायची. दर सुटीत घरी गेले की पहिला प्रश्न तोच, "फारम कधी?"

आता त्या गाठींचं सांगते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गवत कापायचं काम निघतं. डोंगर शेठलोकांचे, हात आमचे. वाणगाव, डहाणूच्या स्टेशनावरून ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आमच्या बायकांना लिहिता यायचं नाही, पण मोजता यायचं. आयची मोजायची तऱ्हा अशी. दहा मुठी गवत म्हणजे एक पेंढी. दहा पेंढ्या झाल्या की एक काडी कमरेला खोचायची. कमरेला दहा काड्या झाल्या की त्या फेकून द्यायच्या आणि पदराला एक गाठ मारायची. दहा गाठी झाल्या की त्या सोडायच्या आणि सागाखाली एक दगड ठेवायचा. सगळ्या हंगामात तिचा एखादा दगड व्हायचा, फार तर दोन. पेंढीच्या खालचंही माप तिच्याकडे होतं. मुठीत दहा चिमट्या बसतात असं ती म्हणायची. चिमूट कुणी मोजत नाही, पण आय म्हणायची, माहीत असलेलं बरं.

मी सात-आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. मी कापणाऱ्या बायकांना पाणी द्यायला जायची. सहाव्या दिवशी शेठचा मुकादम आला. पायात कातडी जोडा, हातात छत्री.

"किती?"

आयनं पदर पुढे केला. सहा गाठी होत्या.

"चार," मुकादम म्हणाला. पेंढ्यांकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. "दोन सोड. वधारे, जास्त बोलू नको."

आयनं दोन गाठी सोडल्या. "मुकादम बोलं तेवढ्या," ती म्हणाली, आणि बारीकसं हसली. त्या हसण्यानं मला कापल्यासारखं झालं. शिवी दिली असती, रडली असती तरी चाललं असतं. ती हसली, जणू चूक तिचीच होती आणि ती पकडली गेली.

घरी जाताना मी विचारलं, "आये, सहा होत्या ना?"

"होत्या."

"मग?"

"मोजायचं आपुन. सांगायचं त्येनी. सगलीकडं असंच हाय, पोरी."

मी ते ऐकलं आणि तसंच गिळलं. पुढची दहा वर्षं ते माझ्या पोटात होतं.

अकरावीत सरांनी एके दिवशी फार मोठे आकडे लिहायची पद्धत शिकवली. सूर्य किती लांब, उजेड किती वेगानं जातो, असले आकडे. एवढी शून्यं लिहीत बसायची नाहीत. पुढे एक आकडा लिहायचा आणि त्याला दहाच्या घातानं गुणायचं. दहाचा दुसरा घात म्हणजे शंभर, तिसरा म्हणजे हजार. भागाकार आला तर पुढच्या आकड्याला आकड्यानं भागायचं आणि दहाच्या घातांकातून घातांक वजा करायचा. आठ गुणिले दहाचा सहावा घात, भागिले दोन गुणिले दहाचा चौथा घात. आठाला दोननं भागून चार. सहातून चार गेले, दोन. उत्तर चार गुणिले दहाचा दुसरा घात, म्हणजे चारशे.

वर्गानं ते लिहून घेतलं. मी मात्र लिहिता लिहिता थांबले. हे तर आयचं होतं! पेंढी म्हणजे एक. काडी म्हणजे दहाचा पहिला घात, गाठ म्हणजे दुसरा, दगड म्हणजे तिसरा. त्याच्यावर जायची आयला कधी वेळ आली नव्हती. मी माझ्या मनानं दोन पायऱ्या वाढवल्या, दहा दगडांचा एक माळ आणि दहा माळांचा एक डोंगर. भागाकार म्हणजे वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर किती पावलं उतरलो ते मोजायचं. बस. एवढंच.

तासाच्या शेवटी सर म्हणाले, घातांक उणेही असतो. दहाचा उणे पहिला घात म्हणजे एकाचा दहावा भाग, उणे दुसरा म्हणजे शंभरावा भाग. "बाकी नियम तोच, घातांक वजा करायचा," एवढं ते म्हणाले आणि घंटा झाली. पोरं एकमेकांची तोंडं बघत होती. एकापेक्षा कमी, तरी मोजायचं, म्हणजे काय? मला हसू फुटलं. मूठ आणि चिमूट! पेंढीच्या खालच्या दोन पायऱ्या. डोंगरभर गवत चिमटीनं मोजायला निघालं, तर पेंढीपर्यंत पाच पावलं उतरायची, आणि तिथं थांबायचं नाही, आणखी दोन उतरायची. जितकं लहान माप, तितकी मोठी गणती. हे आमच्या पाड्यावर शेंबड्या पोराला कळतं.

त्या दिवशी मला इतका आनंद झाला की जेवणही गेलं नाही. इतकी वर्षं शाळेतलं सगळं दुसऱ्याच्या घरचं होतं. भाषा, गाणी, श्लोक, डबा. फळ्यावरचं काहीतरी आमच्या घरचं निघालं, असं पहिल्यांदाच झालं.

पूर्वपरीक्षेत तेच गणित आलं. सहा गुणिले दहाचा पाचवा घात, भागिले तीन गुणिले दहाचा उणे दुसरा घात. सहाला तीननं भागून दोन, हे कुणालाही येईल. मग मी डोंगरावरून खाली उतरायला लागले. पायरी चुकेल असं वाटत होतं, म्हणून एका पावलाला एक गाठ मारत गेले. माळ, दगड, गाठ, काडी, पेंढी. पाच झाली. मूठ, चिमूट. सात. उत्तर लिहिलं, दोन गुणिले दहाचा सातवा घात.

रीत लिहिली नाही. आमच्याकडे गाठ मारली की मोजून झालं. ते पुन्हा कागदावर लिहून दाखवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ही माझी चूक. ती मला मान्य आहे. पण तेवढीच.

दोन दिवसांनी पेपर मिळाले. माझ्या पेपरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ आणि खाली 'नक्कल'. सर फळ्यावर ते गणित सोडवून दाखवत होते आणि वर्गावर चिडलेले होते. पाच वजा उणे दोन म्हणजे सात होतात, आणि बत्तीस जणांनी पाचातून दोन घालवून तीन लिहिलं होतं. बत्तीसच्या बत्तीस जणांनी. एक जण सुटला नव्हता.

मी फळ्याकडे बघत राहिले. सात. खडूनं लिहिलेलं, खाली दोन रेघा मारलेलं सात.

मी उठून उभी राहिले. उभं राहायचं ठरवलं नव्हतं. पायच उठले.

"सर, सगळ्यांचं तीन आलं. मग मी सात चोरलं ते कुणाचं?"

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"चोर तर चोर, वर शिरजोर!" ते ओरडले.

"सर, दुसरं गणित घाला. मी फळ्यावर सोडवून दाखवते."

"फळा तुझ्यासाठी नाही. चल हेडमास्तरांकडे."

हेडमास्तर ओरडणारे नव्हते. पांढरंशुभ्र धोतर, हळू बोलणं. त्यांनी सगळं ऐकलं. माझा पेपर बघितला, बोटांवर काहीतरी मोजलं. ते सात चोरलेलं नाही हे त्यांनाही कळलं होतं, मी शपथेवर सांगते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शिक्षकाचा शब्द मला खाली पाडता येत नाही," ते म्हणाले. "पण मुलीचं नुकसानही मला करायचं नाही. तुझ्या आईला घेऊन ये. माफीच्या कागदावर अंगठा दे म्हणावं. मी तेवढा पेपर सोडून देतो, फॉर्म पाठवतो. शनिवारपर्यंत."

कागद त्यांनी तिथंच लिहिला. 'माझ्या मुलीने परीक्षेत दुसऱ्याचे उत्तर चोरले. तिला क्षमा करावी.' दोनच ओळी. अक्षर सुंदर होतं.

वसतिगृहाच्या बाई शहरातून आलेल्या, खादी नेसणाऱ्या, खरोखरच चांगल्या. मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा माझ्या उशाशी बसलेल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, त्यात शंका नाही. आणि तरी त्या म्हणाल्या, "अगं, दोन ओळींचा तर कागद आहे. खऱ्याखोट्याचा न्याय करायला आयुष्य पडलंय. आधी वर्ष वाचव."

मी हो म्हटलं. हे लपवत नाही. मी हो म्हटलं. आमच्या पाड्याकडे निघालेल्या माणसाबरोबर आयला निरोप धाडला, आणि दोन दिवस स्वतःला समजावत राहिले. अडला हरी गाढवाचे पाय धरी. दोन ओळी. एक अंगठा. त्या दोन दिवसांत मी जेवले नाही, पण तेही कुणाला दिसू दिलं नाही. मनात एकच यायचं, मरण आलं तर बरं, म्हणजे फॉर्मही नको आणि कागदही नको. शाळेमागे विहीर होती. तिच्या काठाशी मी दोनदा जाऊन आले. पाणी बघितलं आणि आय आठवली, म्हणून मागे फिरले.

शनिवारी आय आली. उधव्याहून तलासरी, तलासरीहून डहाणू, दोन एसट्या बदलून. शेठच्या डोंगरावरचं काम टाकून आली होती. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पायाला गवतानं चिरलेल्या रेघा. कमरेला चार काड्या तशाच खोचलेल्या. काढायच्या विसरली होती.

"फारम जानार ना?" तिनं पहिलं हेच विचारलं.

हेडमास्तरांच्या खोलीत सर खुर्चीवर बसले होते. आणखी एक खुर्ची रिकामी होती. आयला कुणी बस म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ती बसली नसती. ती दाराशी जमिनीवर बसली. मी तिच्याशेजारी उभी. हेडमास्तरांनी कागद वाचून दाखवला.

"चोरलं?" आय म्हणाली. "काय चोरलं?"

"उत्तर."

"कुनाचं?"

शाळा शिकलेल्या बत्तीस जणांना जे सुचलं नव्हतं, ते माझ्या अडाणी आयनं एका शब्दात विचारलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"ते आता महत्त्वाचं नाही," हेडमास्तर म्हणाले. "अंगठा द्या. काम होऊन जाईल."

त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. आय उठली. मला काय झालं ठाऊक नाही. तिला खरं काय ते कळावं, एवढंच मला वाटलं. तिच्या पोरीनं चोरी केली नाही, तिनंच शिकवलेलं केलं, एवढं तरी तिला कळावं. मी तिच्याजवळ गेले आणि आमच्या बोलीत सांगितलं, "आये, दहा दगडांचा एक माल. दहा मालांचा एक डोंगर. डोंगरभर गवत हाय. ते चिमटीनं मोजायचं. डोंगरावरून चिमटीपर्यंत किती पावलं उतरायची?"

आयचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायला लागला. मी बघत होते. हेडमास्तर बघत होते. सरही बघत होते. माल. दगड. गाठ. तिचे ओठ हलत होते. काडी. पेंढी. मूठ. चिमूट. अंगठा सातव्या पेरावर थांबला. तिचे डोळे चमकले. तिला कळलं होतं. मला काय शिकवलं जातं आणि मी काय करते, हे तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं.

"किती, आये?"

तिनं तोंड उघडलं. मग तिची नजर टेबलाकडे गेली. पांढरं धोतर, चष्मा, कागद, पॅड. सातव्या पेरावरचा अंगठा तिनं मुठीत मिटून घेतला.

"सायेब सांगतील तेवढी," ती म्हणाली.

आणि बारीकसं हसली.

तेच हसू. डोंगराखालचं, मुकादमासमोरचं. दहा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं माझ्या घशाशी आलं. मला एकदम दिसलं, ह्या कागदावर अंगठा उठला की मीही अशीच हसणार. ट्रेनिंग होईल, नोकरी लागेल, अंगावर चांगलं पातळ येईल, आणि कुणी साहेब समोर आला की मी सात मोजून त्याला विचारणार, किती म्हणू? आज एक कागद, उद्या दुसरा. शिकलेली असेन, एवढाच काय तो फरक.

आयनं अंगठा पॅडवर दाबला. काळा झालेला अंगठा कागदाकडे निघाला. मी तिचं मनगट धरलं. तिनं जोर केला. गवत कापणारं मनगट ते, मला दोन्ही हात लावावे लागले. मी माझ्या पदरानं तिचा अंगठा पुसला. घासून घासून पुसला.

"मी चोरलं नाही," मी म्हणाले. "माझी आय अंगठा देणार नाही."

"फॉर्म जाणार नाही," हेडमास्तर म्हणाले. "नीट विचार कर."

"नका पाठवू."

माझा आवाज रडका होता. ताठ मानेनं वगैरे काही मी बोलले नाही. नाक वाहत होतं. पण बोलले.

शाळेच्या अंगणात आयनं माझ्या थोबाडीत मारली. पहिल्यांदा आणि शेवटचं. मग स्वतःच मटकन खाली बसली आणि छाती बडवायला लागली. "माझ्या अंगठ्याला काय झालं असतं गं? जलमभर लावलाय. आनखी एक येला लावला असता. फारम गेला असता!" खिडक्यांमधून पोरं बघत होती. मी तिला उठवलं. वसतिगृहातून माझी पेटी घेतली. बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या बाजूनं मी बाहेर पडले.

एसटीत आय खिडकीकडे तोंड करून बसली. तिचं खरं होतं. अंगठ्याला काही झालं नसतं. तिनं दहा वर्षं चिमटीचिमटीनं जे जमवलं होतं, ते मी एका झटक्यात उधळलं होतं. आजही मला असं म्हणता येत नाही की मी तिला काही दिलं. मी तिच्याकडून घेतलंच.

सोमवारी बत्तीस फॉर्म गेले. उत्तर तीन लिहिणाऱ्या बत्तीस जणांचे. वाडीवाल्यांच्या मुलीचाही गेला. त्याच सोमवारी मी विळा घेऊन डोंगरावर होते. हाताची सवय मोडलेली. दुपारपर्यंत तळवे सोलवटले, संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडता येईना. आय माझ्यापासून चार हात लांब कापायची. बोलायची नाही. पाड्यावरच्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, एवढं शिकून हिच्या हातात विळाच आला. मी ऐकून घ्यायची. काय सांगणार? रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा, चूक केलीस. मग विळा हातात घ्यायची आणि दिवसभर तोच विचार कापत राहायची.

सहाव्या दिवशी मुकादम आला. तोच. केस पिकलेले, छत्री नवी.

"किती?"

दोघींच्या मिळून नऊ गाठी होत्या, सगळ्या आयच्या पदराला. तिनं पदर पुढे केला.

"सहा," तो म्हणाला. मान वळवली नाही. "तीन सोड."

आयचा हात गाठीवर गेला. मी तो हात धरला, हेडमास्तरांच्या खोलीत धरला होता तसाच.

"नऊ आहेत," मी म्हणाले. "पेंढ्या समोर आहेत. मोजा."

"शाळेतून चोरी करून हाकललेली ती तूच ना?" तो म्हणाला. बातमी डोंगरापर्यंत पोहोचली होती.

"तीच. मोजा."

त्यानं मोजलं नाही. सहाच म्हणाला, थुंकला आणि पुढच्या बाईकडे गेला. म्हणजे काही बदललं नाही. सहाच धरल्या गेल्या. पण आयच्या पदराला गाठी नऊच राहिल्या. माझ्या हातातला हात तिनं सोडवून घेतला नाही. मी बघितलं तर ती हसत नव्हती.

त्या संध्याकाळी मी पेटी उघडली. परीक्षेतलं पातळ घडी करून ठेवलेलं होतं. पदराला आयच्या अंगठ्याची शाई. ते मी धुतलं नाही, धुणारही नव्हते. खाली वही होती. वही काढली आणि दारात बसून ते गणित पुन्हा मांडलं. ह्या वेळी सगळी रीत लिहिली. सहा भागिले तीन. पाच वजा उणे दोन. उण्याचं उणं अधिक. पाच अधिक दोन. एकही पायरी गाळली नाही. आय चुलीपाशी होती. ती येऊन मागे उभी राहिली.

"फारम?" तिनं विचारलं. आठवड्यानं ती माझ्याशी बोलली.

"पुढच्या वर्षी. शाळेतून नाही. बाहेरून भरायचा."

"त्ये पन कागुद मागतील."

"मागू देत."

पुढच्या वर्षी भरणार. तेव्हा नाही जमलं तर त्याच्या पुढच्या वर्षी. दिवसा गवत कापणार आणि संध्याकाळी गणितं करणार. त्यांना रीत लागते, तर त्यांच्या रीतीनं ओळ न् ओळ लिहिणार, कागद भरून लिहिणार. माफीची एक ओळ लिहिणार नाही. आयचा अंगठा कुठल्या कागदावर उठू देणार नाही. आणि कुणी विचारलं किती, तर मोजून जे आलं तेच सांगणार, समोर साहेब असो नाहीतर मुकादम.

त्या गणितात पावलं सात आहेत.